मागचा एक्सल, पुढचे ब्रेक

१४ नोव्हेंबर २०२४

“विकून टाकू ना, बाबा?” — “बरं.”

झालं! प्रीतमनं पुण्यात बसून फोनवर विचारलं, यांनी बरं म्हटलं, की सौदा पक्का!

जूनमध्ये लकवा मारला तेव्हापासून यांच्या तोंडात एवढा एकच शब्द राहिला आहे. चहा घेता? बरं. लाइट गेली हो — बरं. काल पंखा खडखडत होता तर त्यालाही बरं म्हणाले! पोराला हे माहीत नाही का? पक्कं माहीत आहे. पण सोयीचं पडतं ना!

मी म्हटलं, तो होकार नाही रे. तर म्हणतो, “आई, तू इमोशनल होते आहेस.” पुण्याला जाऊन ‘मले’चं ‘मला’ झालं, ते ठीक आहे. आता आईला शिकवायला लागला!

१५ नोव्हेंबर

राग उतरला नाही. वरणात दोनदा मीठ पडलं. हे निमूट जेवले. त्याचाही राग आला.

१७ नोव्हेंबर

प्रीतम ‘ते भंगार’ म्हणतो, म्हणून इथं लिहून ठेवते. ते भंगार नाही. ती एमजी आहे. आताच्या शोरूमवाली नाही — साठ सालानंतरची विलायती, दोन सीटची, बिनटपाची. शेंदूरजनाघाटच्या लीलाबाईंच्या संत्र्याच्या गोदामात पडून होती, सीटवर कोंबड्या बसायच्या. हे एसटीच्या डेपोतून हेड मेकॅनिक म्हणून रिटायर झाले आणि दुसऱ्याच महिन्यात यांनी ती टेम्पोत घालून इथं अमरावतीला, राजापेठेत आणली. सगळी गल्ली हसायला जमली. “देवरावभाऊ, वावरात डवऱ्याले जुंपता का?” हसले तर हसले. यांनी मागच्या टिनाच्या शेडमध्ये पत्रा सरळ केला, इंजिन बसवलं. मागचा एक्सल मात्र नव्हताच. तो मे महिन्यात अकोल्याच्या भंगारबाजारात सापडला. किती खुश होते! विटांवर ठेवला, रोज सकाळी जाऊन बघायचे. कोणत्या गाडीचा आहे ते शोधून काढतो म्हणाले. आणि लकवाच मारला.

आता पुण्याचं गिऱ्हाईक म्हणतं, आधी एक्सल कोणाचा ते सांगा. एमजीचा असला तर गाडी घेतो. दुसऱ्या कशाचा असला तर नुसते दरवाजे आणि समोरची काच घेतो. दरवाजे आणि काच! माणसानं एवढी वर्षं घातली, त्याचे दरवाजे आणि काच!

ठरवलं. एक्सल कोणाचा ते मीच काढते. विकायला नाही. पुरी करायला. यांना ती गाडी हवी आहे.

१८ नोव्हेंबर

नाक्यावरच्या गॅरेजवाल्या शिवमला बोलावलं. तीस-बत्तीसचा असेल. कामाचा आहे, पण अर्धं लक्ष मोबाइलमध्ये.

आल्या आल्या यांच्या कानाजवळ ओरडला, “काका! ओळखलं का मले! मी शिवम!” जसं काही लहान लेकरू आहे! अरे, कान चांगले आहेत त्यांचे. जीभ गेली आहे. मी सांगितलं तर म्हणे, सॉरी काकू — आणि पुन्हा तसाच ओरडला.

एक्सलकडे उभ्या उभ्याच पाहिलं. वाकलासुद्धा नाही. “हा तं अँबेसेडरचा आहे, काकू.”

“कशावरून?”

“हे मधातलं गोल पोट पाहा ना. सेम टू सेम.”

“आणखी कशावरून?”

“आता काहून कोर्टासारखं विचारून राहिल्या?”

कारण तू सांगितलं तेच मी धरून बसले तर उद्या ही गाडी दरवाजे-काचेच्या भावात जाईल! असं म्हणायचं होतं. चहा दिला.

जाताना म्हणतो, एक्सल कोणताही असो, ब्रेक चारही चाकांना डिस्कच टाकू. “भल्ले भारी दिसतात.” दिसतात!

१९ नोव्हेंबर

अकोल्याला त्या भंगारवाल्या खुशालरावांना फोन. “स्पोर्ट गाडीचाच आहे, बाई. खात्रीनं.”

“कोणत्या?”

“लाल होती.”

२१ नोव्हेंबर

तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना भागाकार शिकवला. मी माघार घेईन?

शिवमनंच फोनवर सांगितलं होतं — प्रत्येक एक्सलचा आपला हिशेब असतो. चाक एकदा फिरलं की इंजिनाकडून येणारा दांडा किती वेळा फिरतो, ते मोजायचं. अँबेसेडरचा दांडा साडेचारच्या वर फिरतो. एमजीचा चारलाही पुरत नाही.

मी खडूनं खुणा केल्या. उजवीकडचं हब, म्हणजे चाक बसतं ते टोक, धरून एक फेरा दिला. दांडा जेमतेम दोन वेळा फिरला. दोन! शिवमला सांगितलं तर असा हसला! “काकू, दुसरी बाजू फिरली का?” नाही फिरली. “मंग अर्धाच येईन नं! दोन्ही बाजू संगंसंगं फिरवा.”

हे आधी सांगायला काय झालं होतं? हसायला बरं सुचतं!

आता दोन्ही बाजू मी एकटी कशी फिरवू? हात काही पाच फूट लांब नाहीत. यांची खुर्ची शेडमध्ये आणली. एक्सलच्या डाव्या टोकाशी ठेवली. यांचा डावा, लकव्यातून वाचलेला हात हबवर ठेवला आणि म्हटलं, “मी एक म्हणलं की फिरवा.”

फिरवलं! माझ्याबरोबर, हळूहळू, बरोबर एक फेरा. हाताला पूर्वीसारखी पकड. दांडा चारला थोडा कमी पडला. पुन्हा केलं. तेवढाच.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे फाटकाकडे पाहत होते.

प्रीतमनं हे पाहायला पाहिजे होतं. म्हणे ते भंगार!

२२ नोव्हेंबर

शिवमला पटलं नाही. “खडूच्या रेघेनं नाई होत, काकू. आतून झिजला असन.” मग उघड! उघडून दाखव!

२४ नोव्हेंबर, रविवार

उघडला. शिवम सकाळी आला. दोन्ही बाजूंचे शाफ्ट बाहेर ओढले, मग मधल्या पोटाचे नट. एक नट तर इतका हटवादी, की पाइप लावून दोघांनी लोंबकळावं लागलं. काळं, घट्ट तेल तसराळ्यात ओतलं, घाण वास. मग गिअरचा तो जड गोळा बाहेर काढला. रॉकेलनं धुतला मी. माझी कॉटनची चांगली साडी गेली.

मोठ्या चाकाच्या एका दाताला खडू लावला आणि मोजायला लागले. शिवम मध्येच बोलला, पुन्हा पहिल्यापासून. त्रेचाळीस. त्यानं मोजले — त्रेचाळीस. लहान चाकाचे अकरा.

“अँबेसेडरचे?” मी विचारलं.

मोबाइलमध्ये बराच वेळ पाहत बसला. “एक्केचाळीस अन् नऊ.”

“आणि एमजीचे?”

बारीक आवाजात, “त्रेचाळीस अन् अकरा.” आणि लगेच, “दोन्ही एकाच खानदानातले आहेत, काकू. पोट सारखं दिसते. कोणीही फसन.”

कोणीही नाही. न वाकता पाहणारा फसेल! पण बोलले नाही, कारण त्याचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते आणि जेवायला थांबला नव्हता. पोळी-भाजी वाढली. म्हटलं, दात अजून शाबूत आहेत, बसव परत.

यांना जाऊन सांगितलं, “एमजीचा आहे! तुमचा डाव साधला!”

“बरं,” म्हणाले.

शिवम हसला, “पाहा, काका खुश!” मीही हसले.

२५ नोव्हेंबर

प्रीतमला कळवलं. त्याला आनंद झाला. “वा! म्हणजे गिऱ्हाईक पूर्ण गाडी घेईल.”

फोन ठेवून दिला.

२ डिसेंबर

दवाखान्यातून दीक्षा आली होती, बोलण्याचे व्यायाम करून घेणारी. पोरगी हुशार आहे. आल्या आल्या ‘जय भीम, काका’ म्हणते आणि यांच्यासमोर बसून यांच्याशीच बोलते, माझ्याशी नाही. म्हणून मला आवडते.

आज म्हणाली, ‘बरं’वर जाऊ नका. तो शब्द त्यांच्या तोंडातून आपोआप निघतो. अंगठा दाखवायला लावा — वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही. आणि प्रत्येक प्रश्न उलटा करूनही विचारायचा. “भूक लागली? पोट भरलं?” दोन्हीला अंगठा वरच आला तर उत्तर धरायचं नाही. करून दाखवलं. पहिल्यांदा चुकले, मग बरोबर. खिडकी उघडी हवी — वर. बंद हवी — खाली. मी टाळ्या वाजवल्या.

मग ती सहज म्हणाली, “काकू, तुमी त्याईले असं काही विचारत असता का? म्हणजे जेवणखाण सोडून?”

हा काय प्रश्न झाला! चाळीस वर्षांचा संसार आहे आमचा. यांच्या मनातलं मला विचारून कळतं का?

६ डिसेंबर

संध्याकाळी वस्तीतल्या सगळ्यांबरोबर मेणबत्ती घेऊन पुतळ्यापर्यंत गेले. यांची खुर्ची घेऊन गेले, पहिल्यांदाच एवढ्या लांब. रस्त्यात तिघींनी विचारलं, “आता गाडीचं काय करता?” यांच्यासमोर! जसं काही हे गेलेच आहेत आणि मी सामान आवरून राहिली आहे!

८ डिसेंबर

ब्रेकवरून शिवमशी वाजलं.

त्याचं एकच — चारही डिस्क. कुठल्या तरी गाडीचे पार्ट आहेत त्याच्याकडे, जुळवून देतो म्हणे. मी आठ दिवस यावर वाचून काढलं आहे, मोबाइलवर, चष्मा पुसून पुसून. म्हटलं, हे बघ शिवम. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढं जातो, मागचा भाग हलका होतो. हलक्या चाकाला जोराचा ब्रेक दिला तर ते आधी जाम होईल. मागचं चाक आधी जाम झालं तर गाडी गरकन फिरते. पुढं डिस्क, मागं ड्रम — बनवणाऱ्यांनी काही वेड्यासारखं नाही केलं ते. आणि हँडब्रेक? तुझ्या त्या डिस्कला हँडब्रेकची तार बसते का?

“नाई बसत. पण कोण लावते हँडब्रेक?”

आपल्या फाटकासमोर उतार आहे! खाली शिकवणीवर्गाची पोरं सायकली घेऊन उभी असतात! कोण लावतं म्हणे!

दुसरं. जुन्या गाडीला ब्रेकच्या ऑइलचा एकच रस्ता. एक नळी फुटली की चारही चाकं मोकळी. मी म्हटलं, दोन रस्त्यांचा मास्टर सिलिंडर लाव — एक गेला तर दुसरा राहील. शिवम म्हणतो, “ओरिजनल नाई राहणार मंग, काकू. गिऱ्हाईक नाक मुरडन.”

“गिऱ्हाईकाचं नाव काढू नको.”

शेवटी ऐकलं त्यानं. मागं ड्रम, दोन रस्त्यांचा सिलिंडर. बडबडत ऐकलं, पण ऐकलं.

तर दुपारी प्रीतमचा फोन! शिवमनं सांगितलं त्याला. “आई, विकायची आहे तर ब्रेक कशाला बसवतेस?”

“ज्याले विकशीन तो काय जन्मभर चालतच राहीन? थांबायचं नाई त्याले कुठी?”

रागात माझं वऱ्हाडी निघतं. निघू दे.

१२ डिसेंबर

अकोल्याला जाऊन आले. एकटी, एसटीनं. यांच्याजवळ शेजारच्या पार्बताबाई बसल्या.

कारण असं, की एक्सलला ड्रमच नाहीत. अमरावतीत मिळाले नाहीत. मी म्हटलं, ज्यानं एक्सल विकला त्यानं ड्रम काय गिळले? हबच्या चार बोल्टांचा ठसा कागदावर काढून घेतला आणि गेले.

खुशालराव गादीवर बसलेले. मी पूर्ण सांगितलं. सगळं ऐकून म्हणतात, “मालकाले पाठवा, बाई. पार्टची गोष्ट आहे.”

“मालकाले बोलता येत नाई. मले येते. बोला.”

आजूबाजूचे दोन-तीन हमाल हसले. खुशालराव नाही हसले. म्हणे, नाहीत ड्रम, तेव्हाच नव्हते. मी म्हटलं, मी पाहते. पाहा म्हणाले. आणि पाहिलं! उन्हात तासभर फिरले, टायरांमधून, बंपरांमधून. काही नाही. घसा कोरडा पडला म्हणून पाणी मागायला परत आले, तर त्यांच्याच टेबलाशेजारी कुलर, आणि कुलरखाली दोन लोखंडी भांडी पालथी! बसले खाली. ठसा लावला. चारही भोकं बरोबर.

“हे तं कुलरचं स्टँड आहे,” खुशालराव म्हणाले.

मला इतका संताप आला! बाहेरून विटा आणल्या, एकेक करून. कुलरखाली रचायला लागले. तेव्हा कुठं हमालांना लाज वाटली, त्यांनी कुलर उचलला. खुशालरावांनी शेवटी चहा मागवला आणि म्हणाले, “देवरावभाऊ मोठा दिलदार माणूस. कसे आहेत आता?” हे पहिल्यांदा विचारायचं असतं!

दोन्ही ड्रम पोत्यात घालून एसटीत पायाशी ठेवले. मूर्तिजापूरला कंडक्टरनं विचारलं, “बाई, काय आहे यात?” म्हटलं, ब्रेक.

१६ डिसेंबर

ड्रम लेथवर आतून साफ केले, माझ्यासमोर. एकाला खाच होती, ती निघाली. नवे लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या, चिकटवून आले. वास अजून हाताला आहे. वाईट नाही.

२२ डिसेंबर, रविवार

प्रीतम आणि पिंकी आले. सून म्हणून नाही म्हणत, पण पिंकी चांगली आहे. आल्यावर यांची नखं कापून दिली.

प्रीतमनं जेवणानंतर विषय काढला. पुण्यात त्यांच्या घराजवळ एक सेंटर आहे, लकव्याच्या लोकांसाठी, रोज व्यायाम, बोलणं, सगळं. खालच्या मजल्यावरचा फ्लॅट पाहून ठेवला आहे. गाडी विकायची, इथलं घर भाड्यानं द्यायचं, दोघांनी तिकडं यायचं. सगळं ठरवून आला! आणि मग यांच्याकडे वळून, “बाबा, येता ना?”

“बरं.”

“बघ,” म्हणाला.

मी ओरडलेच. म्हटलं, तुला लाज नाही वाटत? ज्या शब्दाला अर्थ नाही तो धरून तू बापाचं घर हलवून राहिला! ती गाडी यांचा जीव आहे. त्या दिवशी एक्सल फिरवला यांनी, या हातानं! तू होता का इथं?

तोही उठला. “आणि तू? तू कधी विचारलं? सारखं ‘यांना हवी आहे, यांना हवी आहे’. बाबांनी सांगितलं का तुले?”

इतक्या वर्षांत ‘मले’ असा शब्द नाही निघाला त्याच्या तोंडून. आज ‘तुले’ म्हणाला — आणि असलं बोलायला!

पिंकीनं त्याला बाहेर नेलं. हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. डोळे उघडे होते.

२३ डिसेंबर

गेले दोघं. जाताना प्रीतम पाया पडला. मी पाय मागं घेतले नाहीत, पण आशीर्वादही दिला नाही.

माझ्याच घरात येऊन मलाच विचारतो — विचारलं का! चाळीस वर्षं! आंघोळ, औषध, तोंडात घास, रात्री कूस बदलणं — तेव्हा कुठं होता विचारणारा?

२५ डिसेंबर

मागचे ब्रेक बसले!

शिवम सुट्टी असून आला. एक्सल गाडीखाली गेला, स्प्रिंगच्या कमानींना घट्ट झाला, ड्रम चढले, हँडब्रेकची तार लागली. पुढचे ब्रेक अजून व्हायचे आहेत, ते पार्ट यायला वेळ आहे. पण हँडब्रेक मागच्याच चाकांना असतो, म्हणून म्हटलं, पाहू.

गल्लीतल्या सहा जणांनी गाडी फाटकाबाहेर ढकलली, उतारावर. चाकांखाली दगड. मी आत बसले. पहिल्यांदा! सीट इतकी खाली, की रस्ता छातीशी आल्यासारखा वाटला. लिव्हर ओढला, दोन्ही हातांनी. शिवमनं दगड काढले.

उभी राहिली. इंचभरही सरकली नाही! शिवमनं मागून ढकलून पाहिलं, तरी नाही. समोर सगळा उतार, खाली राजापेठेची रहदारी, आणि मी धरून ठेवलेली गाडी. शिवम काय बोलला ते कळलंच नाही. नंतर म्हणाला, “काकू, उतरा आता.” तिसऱ्यांदा सांगत होता.

हे फाटकात खुर्चीवर होते. मी हात हलवला. पार्बताबाईंनी त्यांची खुर्ची आत नेली, म्हणे थंडी वाजते त्यांना.

२७ डिसेंबर

दीक्षाचा दिवस. आज यांनी सतरा-अठरा प्रश्नांची उत्तरं दिली, एकही चूक नाही. उलटे करूनही नाही. ती म्हणाली, आता यांच्या अंगठ्यावर भरवसा ठेवा.

मी तिला दारापर्यंत सोडायला गेले. परत आल्यावर यांचा अंगठा पाहत बसले.

२९ डिसेंबर

विचारलं.

गाडी ठेवायची? खाली. विकायची? वर. इथं राहायचं? खाली. प्रीतमकडे जायचं? वर. तिथल्या सेंटरमध्ये बोलायला शिकायचं? वर — आणि वरच धरून ठेवला, मी हात खाली करेपर्यंत. चार वेळा उलटसुलट विचारलं. एकदाही बदलला नाही.

शेडमध्ये जाऊन बसले. खूप रागावले यांच्यावर. मग गाडीत बसले, आणि कळलं — इतके दिवस यांच्या नावानं मी भांडत होते. गाडी मला हवी आहे.

प्रीतमला फोन केला. म्हटलं, बाबा येतात, येत्या रविवारी घेऊन जा. मी दर पंधरा दिवसांनी चक्कर मारीन.

“आणि तू?”

मी इथंच. पुढचे ब्रेक राहिले आहेत.